उशिरा आणि कमी दाबाने

गुरुवारी पाणी बंद ही बातमी पुण्यात कधी पहिल्या पानावर येत नाही, आत कुठेतरी कोपऱ्यात चौकट असते, पण घरात सगळ्यात आधी वाचली जाते तीच. तिचं शेवटचं वाक्य आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. "शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणीपुरवठा होईल." एवढं प्रामाणिक सरकारी वाक्य माझ्या तरी बघण्यात नाही. बाकी ठिकाणी लवकरच असतं, युद्धपातळीवर असतं, इथे आधीच सांगून टाकतात, उशीर होणार आणि जोर पण नसणार. आणि ते खरं करून दाखवतात.

आम्ही कर्वेनगरात, जुनी सोसायटी, चौथा मजला, लिफ्ट नाही. डोक्यावर थेट गच्चीतली टाकी. लोकांना वाटतं टाकी डोक्यावर म्हणजे तुमची मजा आहे, पाणी पहिलं तुम्हाला. तर तसं नसतं. पाण्याचा दाब टाकी किती जवळ आहे त्यावर नाही, पाण्याची पातळी नळाच्या किती वर आहे त्यावर ठरतो, साधारण १० मीटरला एक वातावरण एवढा दाब. आमच्या शॉवरच्या वर टाकी जेमतेम दोन मीटर, म्हणजे एका वातावरणाचा पाचवा हिस्सा, आणि तळमजल्यावरच्या आजींकडे तेच पाणी बारा-तेरा मीटर खाली उतरून येतं, त्यांच्या नळाखाली पातेलं धरलं तर हातातून उडतं. त्यात आमच्या हिने ऑफरमध्ये मोठा ताटाएवढा रेन शॉवर आणला. बसवताना प्लंबर मामा म्हणाले होते, "वहिनी, चौथ्या मजल्याला रेन नाही, रिमझिम येईल." आली.

मामा परत आले ते मागच्या डिसेंबरात, गुरुवारीच. प्लंबर लोकांना गुरुवार आवडतो हे मला तेव्हा कळलं, दुपारपर्यंत टाकी रिकामी झालेली असते, मेन कॉक बंद करायला गच्चीवर जावं लागत नाही, नळ खोलायचा की काम सुरू. बाथरूमचा नळ रात्रभर टपटपत होता. मामांनी आतलं रबर काढून माझ्या हातावर ठेवलं. "वायसर गेला. थंडीत रबर कडक होतं सर, मग बसत नाही नीट."

मला एकदम अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान आठवलं. २८ जानेवारी १९८६, फ्लोरिडात त्या दिवशी कडाक्याची थंडी होती, आणि ते यान उडाल्यावर ७३ सेकंदांत गेलं, सात माणसं गेली. मी शाळेत होतो, पेपरातला तो दोन शिंगांसारखा धूर अजून डोळ्यासमोर आहे. कारण काय निघालं, तर बाजूच्या बूस्टरच्या सांध्यातली रबराची रिंग. थंडीने कडक झाली, फट पटकन भरून निघाली नाही, गरम वायू बाहेर आला. पुढे चौकशी समितीत फाइनमन हे भौतिकशास्त्रज्ञ होते, त्यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर त्या रबराचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्यात घातला, बाहेर काढून क्लॅम्प सोडला, तर रबर लगेच मूळ आकारात येईना. बस, एवढंच. नोबेल मिळालेला माणूस आणि आमचे मामा एकच वाक्य बोलले असं म्हणायला हरकत नाही, फक्त इंजिनियर लोकांनी ते आदल्या रात्रीच सांगितलं होतं आणि वरच्यांनी ऐकलं नव्हतं, ते वेगळं.

मामांना मी हे सगळं सांगितलं. ते पाना हातात धरून ऐकत होते, मग म्हणाले, "म्हणजे रॉकेटला पण वायसर असतो?"

असतो हो. मला तर हल्ली वाटायला लागलंय की अंतराळ वगैरे सगळं मुळात प्लंबिंगच आहे. टीव्हीवर आपल्याला आग दिसते, काउंटडाउन दिसतं, पण बातम्या नीट वाचल्या तर निम्म्या वेळा गळती. शुभांशु शुक्ला जायचे होते त्या फाल्कन रॉकेटमध्ये लिक्विड ऑक्सिजनची गळती निघाली, म्हणून ११ जून २०२५ चं उड्डाण थांबलं, मग वर अंतराळ स्टेशनवरच्याच एका भागात हवेची गळती, असं करत करत शेवटी २५ जूनला गेले. सुनीता विल्यम्स आठवडाभरासाठी म्हणून गेल्या आणि नऊ महिने राहिल्या, त्यातही हेलियम गळत होता. (थ्रस्टरचा पण घोळ होता, पण मामांपुढे मी आपला हेलियमच ताणून धरला.) आणि अमेरिकेचं ते चंद्राकडे जाणारं आर्टेमिसचं पहिलं रॉकेट, सप्टेंबर २०२२ मध्ये हायड्रोजन गळला म्हणून राहिलं. हायड्रोजन हा त्यातला सगळ्यात वाईट पाहुणा, सगळ्यात छोटा रेणू, त्यात तो द्रवरूपात ठेवायचा तर उणे २५३ डिग्री, तिथे कसलं पॅकिंग टिकणार. शेवटी नोव्हेंबरात रॉकेट भरून उभं आणि परत एका व्हॉल्व्हपाशी गळती. तेव्हा काय केलं? तीन माणसं पाठवली. भरलेल्या रॉकेटच्या खाली, रात्री. त्यांनी जाऊन नट आवळले आणि परत आले. आणि १६ नोव्हेंबरला रॉकेट उडालं.

"पॅकिंग नट असणार," मामा म्हणाले. आणि खरंच पॅकिंग नटच होते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, रात्री मोबाइलवर शोधून बघितलं.

पंपाचंही तसंच. आमच्या सोसायटीचा पंप ३ एचपीचा, त्यावर दरवर्षी मीटिंगमध्ये अर्धा तास जातो. माणसाला चंद्रावर नेलेल्या सॅटर्न रॉकेटच्या खालच्या टप्प्यात पाच इंजिनं होती आणि त्यातल्या एकेका इंजिनाचा नुसता पंप ५५,००० हॉर्सपॉवरचा, कारण सेकंदाला अडीच टन इंधन आणि ऑक्सिजन आत ढकलायचा होता. थोडक्यात काय, प्रेशर हवं असेल तर गुरुत्वाकर्षणावर विसंबून चालत नाही. हे मी हिला रेन शॉवरच्या बाबतीत सांगून बघितलं, ती म्हणाली मग प्रेशर पंप बसवा, आणि तो विषय मी तिथेच सोडला.

वर स्टेशनवर तर गुरुत्वाकर्षणाचा फायदाच नाही. खरं तर ओढ तिथेही भरपूर असते, पण स्टेशन आणि आतलं सगळं सतत एकत्रच पडत असतं, त्यामुळे टाकी वर, नळ खाली ही भानगडच नाही, पाणी कुठल्याच बाजूला जात नाही, गोळा होऊन तरंगत बसतं. लघवीतून पाणी काढायचं तर ते उकळताना वाफ एकीकडे आणि पाणी दुसरीकडे व्हायला हवं ना, म्हणून ड्रमच फिरवतात, आपल्या वॉशिंग मशीनच्या ड्रायरसारखा. घाम, श्वासातली वाफ, सगळं परत गोळा करून २०२३ मध्ये ते ९८ टक्क्यांपर्यंत पोचले. माणशी दिवसाला साधारण चार लिटर. आपल्याकडे शहरातल्या माणसाला १३५ लिटर हा सरकारी हिशोब, आणि चार लिटरमध्ये आमच्याकडे मेथी धुऊन होत नाही.

आता इथे लोक लगेच म्हणतात, बघा, तिकडे घामाचं पाणी करतात आणि आपल्याला नळाला पाणी नाही, चंद्रावर गेले आणि खड्डे तसेच. मला हे वाक्य अजिबात आवडत नाही. एक तर खड्डे बुजवणारा आणि यान पाठवणारा माणूस एकच नसतो. आणि दुसरं, वर काही स्वर्ग नाही. त्या स्टेशनच्या रशियन भागात एका छोट्या बोळकांडीत २०१९ पासून हवा गळत होती. रशियन म्हणणार आमचं कारण हे, अमेरिकन म्हणणार नाही, आम्हाला ते पटत नाही, हे कितपत गंभीर आहे यावरही एकमत नाही, आणि वर्षानुवर्षं उपाय काय तर काम नसेल तेव्हा त्या बोळकांडीचं दार लावून ठेवायचं. ए विंग आणि बी विंग! आमच्याकडे बी विंगच्या भिंतीला तीन पावसाळे ओल आहे, ती आमच्या बाथरूममधून येते का गच्चीतून यावर अजून ठराव झालेला नाही, चेअरमन साहेबांचं म्हणणं तूर्त तिकडे कपाट लावा.

मध्ये एकाने टाकीला सेन्सर बसवायची टूम काढली होती, अॅपवर लेव्हल दिसेल म्हणे. बसवला. महिनाभर दिसली, मग सेन्सरवर शेवाळ धरलं आणि टाकी कोरडी असताना पण अॅप १०० टक्के दाखवायला लागलं. आता वॉचमन काका पूर्वीसारखे टाकीवर टिचकी मारून सांगतात, आणि पावसाळ्यात खडकवासला साखळीत किती टीएमसी झाले हेही तेच सांगतात.

शुक्रवारी पाणी आलं, अर्थात उशिरा. गुरुवारी लाइन रिकामी झालेली असते, तिच्यात हवा भरलेली, ती हळूहळू बाहेर काढत पाणी सोडावं लागतं, एकदम सोडलं तर दणका बसून पाइप फुटायचा, त्यामुळे "कमी दाबाने" यात आळस कमी आणि शहाणपण जास्त आहे. खालची टाकी भरायला अकरा वाजले, मग पंप लागला, मग आमचा नळ दमेकऱ्यासारखा खोकला, आधी हवा, मग लालसर पाणी. ही आतून ओरडली, "ते पहिलं झाडांना घाल!"

मामा बारा वाजता आले, नळ बघायला. कालच्या गुरुवारी वायसर बदलला खरा, पण पाणीच नसल्याने टेस्ट झाली नव्हती. बंद केलेल्या नळाखाली बोट धरून पाच मिनिटं उभे राहिले. थेंब नाही. मी दोनशे रुपये जीपे केले, ते स्क्रीनकडे बघत चपला घालायला लागले आणि जिन्यात थांबले.

"सर, ते तिघं नट आवळायला गेले होते ना रॉकेटखाली," म्हणाले, "त्यांचा व्हिजिट चार्ज किती असेल हो?"