दुनहुआंगला जायचंय? आधी घरी बसून लेणी बघा

चीनच्या गान्सू प्रांतात दुनहुआंगजवळ असलेली, भित्तिचित्रांनी भरलेली मोगाओ बौद्ध लेणी बघायला निघणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच: जाण्याआधी ती घरी कॉम्प्युटरवर निवांत बघून घ्या. 'डिजिटल दुनहुआंग' या संकेतस्थळावर 2016 पासून 30 लेणी फुकट बघता येतात, हवा तो कोपरा मोठा करून.

कारण प्रत्यक्ष लेण्यात मिट्ट काळोख. गाइडच्या टॉर्चचा झोत पडेल तेवढंच दिसतं, आणि डोळे सरावेपर्यंत पुढच्या लेण्याकडे चला. फोटोला सक्त मनाई. अजिंठ्यातल्या मंद दिव्यांवर कुरकुरणाऱ्यांना इथे अवघड जाईल, पण मला ही कडक शिस्त पटली. श्वासांमुळे दमटपणा वाढला की भिंतीतले क्षार विरघळतात आणि पुन्हा सुकताना रंगाचे पोपडे काढतात. म्हणून आत सेन्सर आहेत. हवा बिघडली की लेणं बंद. चित्रं असलेली 492 लेणी, त्यातली 'अ' म्हणजे पूर्ण भेटीच्या तिकिटावर साधारण आठ बघायला मिळतात. कुठली, ते गाइड ठरवणार.

17 नंबरचं मात्र बहुतेक दाखवतातच. 16 नंबरच्या बोळातली ही जेमतेम तीन मीटरची खोली, तीही बाहेरूनच बघायची. 1900 मध्ये वांग युआनलू या ताओ साधूला इथे हजारो हस्तलिखितं सापडली: चिनी, तिबेटी, संस्कृत, आणि मध्य आशियातल्या खोतानची खोतानी. 1907 मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन आला, पुढच्या वर्षी फ्रेंच अभ्यासक पेलिओ, आणि गठ्ठेच्या गठ्ठे लंडन-पॅरिसला गेले. स्टाइनच्या संग्रहातला काही भाग आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातही आहे. आता खोलीत फक्त होंगबियन भिक्षूचा पुतळा. त्याच्यामागे भिंतीवर दोन झाडं रंगवलीत, एका फांदीला त्याची झोळी लटकवलेली. मी तिथून हलायलाच तयार नव्हतो. विखुरलेली पानं बघायची तर 1994 मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय दुनहुआंग प्रकल्पाच्या संकेतस्थळावर जा. 868 सालचं छापील वज्रसूत्र हा बौद्ध ग्रंथही तिथे भेटेल.

तिकीट पासपोर्टवर, आगाऊच काढा. जुलै-ऑगस्टमध्ये चिनी शाळांना सुट्टी, तेव्हा 'ब'वर समाधान मानावं लागतं: चारच लेणी, फिल्म नाही. सीझनमध्ये 'अ' 238 युआनला होतं, इंग्रजी गाइडचे थोडे जास्त. निघताना दर तपासा. 'अ'वाल्यांना आधी अभ्यागत केंद्रात दोन फिल्म दाखवून मग बसने लेण्यांकडे नेतात. घुमटावरची दुसरी फिल्म चुकवू नका, टॉर्चने न दिसलेली छतं तिथे दिसतात. लेण्यांसमोरच्या प्रदर्शनात हुबेहूब प्रतिकृती आहेत, चांगल्या उजेडात. गर्दी तिकडे फिरकत नाही. तुम्ही जरूर जा.

बुलेट ट्रेनने आलात तर लिउयुआन दक्षिणला उतरून पुढे दोनेक तास गाडी. गूगल, व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही; पैसे भरायचं चिनी अ‍ॅप अलीपे भारतातूनच सुरू करून न्या. घड्याळ बीजिंगचं असल्याने उन्हाळ्यात नऊपर्यंत उजेड असतो, दुपारचा स्लॉट मिळाला तरी बिघडत नाही. आणि शाकाहारींनो, इथल्या प्रसिद्ध पिवळ्या नूडल्ससोबत गाढवाचं मटण येतं. आधी विचारा. जर्दाळूचं गार सरबत मात्र बिनधास्त प्या.