नाकातल्या कोंबाचा हिशेब

अढीतला आंबा मी नाकाने निवडतो. हात लावायच्या आधी वास सांगतो, कुठला आज पेटीत भरायचा आणि कुठला परवा. त्या मे महिन्यात देवगडच्या आमच्या पडवीत पेंढा उलटत होतो, तर मागून आई म्हणाली, "अरे, ह्यो आंबो कुसलो हा. तुका वास येणा नाय काय?"

नव्हता येत. नाक वर्षभर चोंदलेलं होतं आणि मी ते सर्दीच्या खात्यावर टाकत आलो होतो. कणकवलीच्या कान-नाक-घसा डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि पडद्यावर दाखवलं: दोन्ही बाजूंना सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट, ओले कोंब. पॉलिप.

आधी स्टिरॉइडच्या गोळ्या मिळाल्या. खर्च अगदी किरकोळ. पाचव्या दिवशी बांगड्याच्या तिकल्यातलं तिरफळ नाकाला कळलं आणि मी जेवता जेवता थांबलो. महिन्याभरात सगळं पुन्हा बंद. वर साखर वाढली ती वेगळीच. त्या गोळ्या पुन्हा पुन्हा घेता येत नाहीत, म्हणजे स्वस्त असूनही तो मार्ग संपला.

मग मोमेटासोनचा, म्हणजे नाकात मारायच्या स्टिरॉइडचा, फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं. बाटलीत १२० फवारे, रोज चार, म्हणजे महिन्याला एक बाटली. पहिली अख्खी बाटली मी फुकट घालवली, कारण फवारा सरळ दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावर मारत होतो. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, तोंड कानाच्या दिशेने, हे मला नंतर कोणीतरी दाखवलं. धुण्याचं पाणी उकळून गार केलेलंच हवं. विहिरीचं थेट चालत नाही.

तीन महिन्यांनी श्वास थोडा मोकळा झाला, वास मात्र नाही. सीटी स्कॅन झाला आणि दोन वाटा उरल्या: दुर्बिणीची शस्त्रक्रिया, नाहीतर डुपिलुमॅब या सूज रोखणाऱ्या औषधाचं इंजेक्शन, दर दोन आठवड्यांनी. अमेरिकेत ते २०१९ साली पॉलिपसाठी मंजूर झालं. चिरफाड नको म्हणून माझं मन तिकडेच धावत होतं. डॉक्टर म्हणाले, "काका, किंमत एका इंजेक्शनची विचारू नका. किती वर्षं घ्यायचं ते विचारा."

मुलीने २०२१चा एक अमेरिकी अभ्यास शोधून वाचून दाखवला. ३६ वर्षांचा हिशेब: शस्त्रक्रियेच्या वाटेने सुमारे ५० हजार डॉलर, इंजेक्शनच्या वाटेने सुमारे ५ लाख ३६ हजार. आयुष्याची गुणवत्ता धरून मोजलेली वर्षं शस्त्रक्रियेत ९.८०, इंजेक्शनात ८.९५. दहापट पैसे आणि पदरात कमीच! ते दर तिकडचे, आपल्याकडे आकडे बदलणार, पण कधी न संपणाऱ्या हप्त्यांचं गणित तेच. दमा असेल, शस्त्रक्रियेनंतरही कोंब पुन्हा पुन्हा येत असतील, तर गोष्ट वेगळी, असंही डॉक्टरांनी सांगितलं. मला दमा नाही.

विम्याने हात वर केले. पॉलिपला पहिली दोन वर्षं संरक्षण नाही, ही ओळ पॉलिसीत होती. एजंटने ती कधी वाचून दाखवली नव्हती आणि मीही वाचली नव्हती. म्हणून पावसाळा धरला. बागेत काम कमी, हातात आंब्याचे पैसे. कोल्हापूरला शस्त्रक्रिया झाली. गगनबावड्याच्या घाटातली गाडी, सोबतच्या माणसाची खोली आणि पुढच्या चार तपासण्या धरून पंच्याऐंशी हजार. रुग्णालयाने सांगितलेला आकडा यापेक्षा वीस हजारांनी कमी होता, कारण त्यात घाट नव्हता.

खरी मेख पुढे आहे. शस्त्रक्रिया एकदाच, असं मी धरलं होतं. पण फवारा आणि धुणं सोडलं तर कोंब परत यायला वेळ लागत नाही, आणि नेमाने केलं तरी काहींना येतातच. म्हणून बागेच्या खर्चाच्या वहीत पुठ्ठ्याच्या बॉक्सच्या खर्चाखाली फवाऱ्याची ओळ दर महिन्याला चढते. गेल्या मे महिन्यात अढीतला पिकलेला हापूस मीच निवडला, आईला न विचारता.

परवाच्या तपासणीत डावीकडे तांदळाएवढा कोंब दिसला. आता नाक धुण्याच्या पाण्यात ब्युडेसोनाइड, म्हणजे आणखी एक स्टिरॉइड, घालायला सांगितलंय. त्याची ओळ वेगळी मांडावी की फवाऱ्यातच धरावी, ते अजून ठरलं नाही.