नोंद १४ : होकायंत्राचा काटा खोटं बोलतो, पण सगळ्यांशी सारखंच

तीन महिने डोकं खाल्लेलं कोडं परवाच्या रविवारी सुटलं. अर्धंच सुटलंय, उरलेल्या अर्ध्याची रड शेवटी आहे.

नोंद ११ ज्यांना आठवते त्यांना पार्श्वभूमी सांगायला नको. जुलैत धुक्यात घाटमाथ्यावरच्या मोहरी गावाहून बोराट्याच्या नाळेचं (कोकणात उतरणाऱ्या घळीचं) मुख निव्वळ नकाशा-होकायंत्रावर गाठायला निघालो आणि भलत्याच कड्याच्या टोकावर जाऊन उभे राहिलो. उतरायचं नव्हतंच, भर पावसात नाळेत शिरण्याइतकी अक्कल गहाण टाकलेली नाही. फक्त मुख सापडायला हवं होतं. तेव्हा सगळा दोष मी पावलं मोजण्याला दिला, आणि नोंद १२ मध्ये गवतातून शंभर मीटरला किती जोडपावलं (डावं-उजवं मिळून एक) पडतात यावर पानभर लिहून तुम्हाला पिळलं. ते सगळं मागे घेतो. पावलं बरोबर होती.

परवा हवा काचेसारखी होती. पावसाळ्यानंतरचे ते दोन-तीन आठवडे असतात ना, तसली. जुलैत जिथून बेअरिंग (उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन) धरून निघालो होतो त्याच टेपाडावर उभा राहिलो. पूर्वेला तोरणा, पश्चिमेला रायगड, वायव्येकडे कोकणदिवा, तिन्ही स्वच्छ. म्हटलं, आधी आपण उभे कुठे आहोत तेच नकाशाला विचारू. तोरणा ८० अंश, रायगड २७८. बॅक बेअरिंगच्या, म्हणजे शिखराकडून उलट आपल्याकडे येणाऱ्या, रेषा नकाशावर मारल्या, तर त्या छेदल्या कुठे? रायगडाच्याही पश्चिमेला, खाली कोकणात! मी पठारावर चहा पितोय आणि नकाशाच्या मते मी कधीच घाट उतरून गेलोय.

आता तोरणा आणि रायगड जवळजवळ समोरासमोर येतात, म्हणजे रिसेक्शनला (शिखरांवरून आपली जागा काढायला) ही जोडी वाईटच. एका अंशाची चूक झाली तरी छेदबिंदू किलोमीटरभर पळतो. हे मान्य. पण कोकणदिव्याची रेषा घेतल्यावर जो त्रिकोण झाला, त्यात दोन-चार गावं सहज बसली असती.

मग संशयितांची रांग. डेक्लिनेशन, म्हणजे काट्याची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक? आपल्याकडे ते एका अंशाहूनही कमी, त्याला धरण्यात अर्थ नाही. ग्रीडची (नकाशावरच्या चौकोनी जाळीची) उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक? त्या भागात अर्धा अंश. डेटम, म्हणजे नकाशा ज्या मोजणी-चौकटीवर बेतलाय ती? गटातल्या एकाने फोनवरून छातीठोकपणे 'एव्हरेस्ट आणि डब्ल्यूजीएस ८४ चा घोळ आहे' (जुन्या शीटांचा आणि जीपीएसचा डेटम) असं सांगितलं. अरे बाबा, तो घोळ जीपीएसचे आकडे जुन्या शीटवर मांडताना होतो. इथे शिखरंही नकाशावरची आणि रेषाही नकाशावरच्या. जवळचं लोखंड-चुंबक? फोन सॅकमध्ये, सॅक वीस पावलं लांब, घड्याळ काढलेलं, हेडलॅम्पच्या बुडातल्या चुंबकासकट सगळं दूर.

उरला नकाशा. इथे एक जुनं दुखणं आहेच : रायगड सर्व्हे ऑफ इंडियाच्या ४७ एफ/८ शीटवर, तोरणा एफ/११ वर, राजगड एफ/१२ वर. आपल्याला जावंसं वाटतं ते नेमकं चार शीटांच्या कोपऱ्यावरच का असतं, देव जाणे. चार पीडीएफ जोडून छापायला दिले, तर छपाईवाल्याने 'कागदात बसवून देतो' म्हणत सगळं आक्रसून दिलं. १:५०,००० ला किलोमीटर म्हणजे दोन सेंटिमीटर हवा, माझ्या छापावर तो एकोणीस मिलिमीटर भरला. पैसे परत मागितले तर माझ्याकडेच बघत राहिला. (छापून आणल्यावर शीटवरची स्केलपट्टी फुटपट्टीने मोजल्याशिवाय दुकानाबाहेर पडू नका.) पण उभं-आडवं सारखंच आक्रसलं होतं. अंतरं बिघडली तरी कोन बिघडत नाहीत. तोही निर्दोष.

कंटाळून जागा बदलली. तीसेक पावलं बाजूला जाऊन पुन्हा तोरणा धरला : ६७ अंश.

तेरा अंशांचा फरक! तोरणा तिथून सरळ रेषेत दहा किलोमीटरहून लांब. तीस पावलांनी त्याची दिशा ढिम्म बदलत नाही. परत मूळ जागी आलो, ८०. होकायंत्र खाली खडकावर टेकवलं तर काटा आणखीच कुठेतरी.

तेवढ्यात मोहरीचे एक मामा गुरं घेऊन चालले होते. माझी ही धावपळ बघून थांबले. "थितं कशापाई उभं ऱ्हाता, दादा? त्या टेपाडावं दरसाली ईज पडती. आमी पावसात गुरं न्हाय नेत तिकडं."

वीज! इतकी वर्षं वाचूनही हे डोक्यात आलं नव्हतं. आपला बेसॉल्ट मुळातच मॅग्नेटाइटवाला, आणि उघड्या माथ्यावर वीज पडली की तिच्या प्रचंड प्रवाहाने आसपासचा खडक चांगलाच चुंबकतो. मुठीएवढा एक धोंडा उचलून काट्याभोवती फिरवला, तर काटा त्याच्यामागून कुत्र्याच्या पिल्लासारखा फिरला. अलिबागची चुंबकीय वेधशाळा आठवा. विजेच्या ट्रामांच्या धास्तीने १९०४ मध्ये ती कुलाब्याहून तिकडे नेली, आणि बांधली कशात? पोरबंदरच्या, काट्याला न ओढणाऱ्या दगडात. दारात हवा तेवढा काळा दगड असताना. आपण मात्र त्याच काळ्या दगडावर उभं राहून काट्यावर विश्वास टाकतो.

अकरा अंशांची चूक (हा आकडा कुठून आला ते पुढे) म्हणजे किलोमीटरमागे १९० मीटर. जुलैतल्या कड्याचा हिशेब लागला.

आता या नोंदीतला सगळ्यात गोड भाग. परत निघताना वहीतले आकडे सहज वजा केले. पहिल्या जागी २७८ वजा ८०, म्हणजे १९८. दुसऱ्या जागी रायगडाचे २६५ वजा तोरण्याचे ६७, पुन्हा १९८! काटा खोटं बोलत होता, पण एका जागी उभं राहिलं तर सगळ्या शिखरांबद्दल तेवढंच खोटं. दोन शिखरांमधला कोन खराच राहतो. सर्व्हेवाल्यांना हे पहिल्या वर्षाला शिकवतात म्हणे, मला कळायला चौदा नोंदी लागल्या.

तिथेच बसकण मारली. ट्रेसिंग पेपरवर एक बिंदू काढला, त्यातून पहिल्या जागेवरच्या आकड्यांनी तीन किरण काढले, आणि कागद नकाशावर सरकवत राहिलो. तोरण्याचा किरण तोरण्यावर, रायगडाचा रायगडावर, कोकणदिव्याचा कोकणदिव्यावर बसला आणि बिंदू पडला तो त्याच टेपाडावर, दोन मिलिमीटरच्या आत. शंभर मीटर! वर बोनस असा की त्याच कागदावर काट्याची उत्तर काढून ठेवली होती, ती नकाशाच्या उत्तरेपासून अकरा अंश फिरलेली दिसली. म्हणजे जागाही कळली आणि काटा किती खोटारडा तेही. दहा रुपयांचा ट्रेसिंग पेपर. मी मिरर कंपाससाठी किती मोजले ते घरी अजून सांगितलेलं नाही.

कंपासचा विषय निघालाच आहे तर : चुलतभावाने जर्मनीहून प्रेमाने आणलेल्या बेसप्लेट कंपासचा काटा इकडे तबकडीला घासतो. तिकडच्या तीव्र नतीसाठी (काटा जमिनीकडे झुकतो तो कोन) तोललेला तो, आपल्याकडे नती पंचवीस अंशांच्या आसपास. बाहेरून मागवणार असाल तर ग्लोबल (कुठल्याही नतीत चालणाऱ्या) काट्याचाच घ्या, सुंटोचा एमसी-२ ग्लोबल माझ्याकडे चार पावसाळे बिनतक्रार आहे. पितळी 'अँटिक' होकायंत्रं पेपरवेट म्हणून छान.

पुढचा बेत आग्याच्या नाळेचा होता. कोन मोजायला तीन पट्ट्यांचं ॲक्रिलिकचं यंत्र करून नेणार होतो, पट्ट्या कापूनही झाल्या. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं की मी मूर्ख आहे. धुक्यात शिखरं दिसणारच नाहीत, तर कोन कशाचे मोजणार? जुलैतला प्रश्न जिथल्या तिथेच.

तेव्हा आग्याची नाळ रद्द, पुन्हा मोहरीच. नवा विचार असा : दोघांनी दोन कंपास घेऊन पन्नासेक मीटरवर, एकमेकांना दिसतील असं उभं राहायचं. मी त्याचं बेअरिंग घ्यायचं, त्याने माझं. दोन्हींत बरोबर १८० चा फरक आला तर दोन्ही जागा बहुधा साफ, पुढे चला. नाही आला तर दोघांपैकी एक जण तरी विजेच्या दगडावर उभा आहे, त्या टप्प्याचा आकडा फेकायचा. शिवाय नाळेच्या मुखावर थेट नेम न धरता मुद्दाम उत्तरेला शंभर-दीडशे मीटर चुकवून कड्याची धार गाठायची, म्हणजे धारेवर पोचल्यावर डावीकडेच वळायचं हे नक्की. कड्याजवळ दोर लावून, हे वेगळं सांगायला नको.

धुकं कुठून आणू या महिन्यात? तर अमावास्येची रात्र. खुणेला शिट्ट्या आणि दोन हेडलॅम्प, चुंबक नसलेले. मामांच्या ओटीवर मुक्काम सांगून ठेवलाय. दुसरा भिडू तयार आहे, पण त्याच्याकडे कंपास आहे तो तोच, जर्मन, घासणारा. कोणाकडे ग्लोबल काट्याचा जादा असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.