रामशेजचा पायथा, दोन दिवसांचा सराव: रविवारी कंट्रोल का हुकतात

सराव ओरिएंटीअरिंगचा: नकाशा आणि होकायंत्रावर वाट काढत कंट्रोल, म्हणजे झेंडे लावलेली ठिकाणं, क्रमाने गाठायची. जागा नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याच्या पायथ्याला, आशेवाडीच्या बाजूच्या माळावर आणि सोंडांवर. दोन्ही दिवशी कोर्स सरळ रेषेत 5.2 किमी, चढ 220 मीटर. 100 मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे साधारण 800 मीटर, या हिशेबाने काम 7 किमीचं. वळसे वेगळे. शनिवारचे स्प्लिट, म्हणजे एका कंट्रोलपासून पुढच्यापर्यंत लागलेल्या वेळा, व्यवस्थित आहेत. रविवारी पहिल्या दोन तृतीयांशापर्यंत तेच चित्र, आणि मग शेवटच्या चार-पाच कंट्रोलवर वेळ नुसता सांडलेला. पळण्याचा वेग तिथे फारसा पडलेला नाही. वेळ गेला तो कंट्रोलच्या आसपास घुटमळण्यात.

यामागचं गणित मांडून बघण्यासारखं आहे. दुहेरी पावलं मोजताना, म्हणजे उजवा पाय टेकला की एक, ताज्या पायांनी मुरमाड सपाटीवर चालत 100 मीटरला बहुतेकांची 60 ते 65 पडतात. समजा 62. थकल्यावर ढांग आखूड होते आणि तेच 68 वर जातं. डोक्यात मात्र 62 च असतात. 500 मीटरच्या लेगसाठी (दोन कंट्रोलमधलं अंतर) 310 मोजून थांबलात, तर प्रत्यक्षात 456 मीटरच झाले. 44 मीटर आधी थांबलात. त्यात होकायंत्र छातीसमोर सरळ धरायचा कंटाळा आला आणि दिशा 5 अंशांनी सरकली, तर 500 मीटरवर आणखी 44 मीटर बाजूला. दोन्ही मिळून झेंडा 62 मीटर लांब, आणि मध्ये घाणेरीची जाळी. 30 सेंटिमीटरचा नारिंगी-पांढरा झेंडा तिथून दिसण्याचा प्रश्नच नाही.

म्हणून पावलांचा आकडा रविवारी नव्याने काढायचा. सुरुवातीच्या वाटेवर नकाशावरून 200 मीटरचा तुकडा धरायचा, मोजायचं, आणि येईल तो आकडा स्केचपेनने मनगटावर लिहायचा. चढाचा आकडा वेगळा: खडकाळ चढावर 85-90 सहज होतात, आणि उभ्या चढावर पावलं मोजण्यात अर्थच नाही, तिथे समोच्चरेषा मोजाव्यात.

आता जमिनीबद्दल, कारण खरी गोम तिथे आहे. आपला डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा: कातळाचा टप्पा, मग माची, परत टप्पा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 नकाशावर इथे समोच्चरेषा 20 मीटरला एक असते, त्यामुळे 12-15 मीटरचा कातळ दोन रेषांमध्ये सरळ गडप होऊ शकतो. तोच नकाशा ताणून 1:10,000 केला तर रेषा जाड होतात, माहिती तेवढीच राहते. कातळटप्पे चालून, बघून, ओपनओरिएंटीअरिंग मॅपर या नकाशा काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः भरावे लागतात. हे काम अर्धवट असेल तर दमलेल्या माणसाला कोर्सवर सोडू नये, कारण दमलेला माणूस वळसा टाळून सरळ खाली बघतो.

सोंडांमधल्या घळी एकीसारख्या एक. तिसरीऐवजी दुसरीत शिरणं ही रविवारची ठरलेली चूक, आणि एकदा शिरलं की डोकं तिथलाच दगड नकाशावर बसवून मोकळं होतं. यावर उपाय दोन. घळ ओलांडताना आकडा मोठ्याने म्हणायचा. लाज वाटली तरी. आणि आत शिरल्यावर होकायंत्र घळीच्या लांबीला लावून दिशा नकाशाशी ताडायची. 30 अंशांचा फरक आला तर घळ शेजारची आहे.

उतारावर आडवं जातानाही दमलेले पाय नकळत खाली सरकतात. 300 मीटरच्या आडव्या चालीत 15-20 मीटर उंची गेली की एक अख्खी माची हुकते. ढोरवाट मिळाली तर धरावी, पण ती फाटे फोडत जाते; प्रत्येक फाट्याला वरचा फाटा घ्यायचा आणि मुद्दाम थोडं वरून कंट्रोलवर उतरायचं. खालून वर शोधत येणं फार महागात पडतं.

होकायंत्राबद्दल एक खास आपल्याकडची गोष्ट. द्राक्षबागेच्या कडेने जाताना लोखंडी अँगल आणि तारांना खेटून दिशा घेऊ नका, सुई ओढली जाते. दहा-पंधरा पावलं लांब या, मग बघा. मोबाइल त्याच हातात धरलेला असेल तर तोही काढा. खऱ्या उत्तरेचा आणि चुंबकीय उत्तरेचा फरक नाशिकमध्ये 1 अंशापेक्षा कमी आहे, तिकडे दोष देण्यात अर्थ नाही. बागेत शिरायचं नाही, हे सांगायला नको.

छपाई: प्रिंटरच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ काढून 100 टक्के ठेवा. नंतर पट्टी लावून 1 किमी बरोबर 10 सेंटिमीटर येतो का ते बघा. 9.6 आला तर अंतराचा सगळा हिशेब सुरुवातीपासूनच 4 टक्के खोटा.

खाण्याचं. नकाशा दोनदा बघूनही पुढचा लेग डोक्यात राहत नाही, ही पोट रिकामं असल्याची पहिली खूण. भूक त्यानंतर लागते. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं हवीत. 40 ग्रॅम बेदाण्यांतून जवळपास 30 मिळतात, गुळाच्या 20 ग्रॅम खड्यातून 18-19. घड्याळात दर 40 मिनिटांचा गजर लावा, वाजला की खा. एका लिटर पाण्याला सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हवं तर लिंबू. शनिवारी संपल्यावर तासाभरात आमटी-भात पोटात गेला तर रविवारचे पाय वेगळे असतात. सकाळी तर्रीवाली मिसळ हाणून पळणाऱ्यांबद्दल इथे काही लिहीत नाही.

चुकलोच तर: थांबा, नकाशा उत्तरेला लावा, शेवटची खात्रीची जागा आणि तिथून गेलेली मिनिटं आठवा. दोन मिनिटांत जुळलं नाही तर त्या जागेवर परत जा. अंदाजाने पुढे रेटलेली दहा मिनिटं स्प्लिटमध्ये लाल शाईने दिसतात.

पुढच्या वेळेसाठी कोर्समध्ये बदल: घळींचे कंट्रोल पहिल्या अर्ध्यात, शेवटी बैलगाडीच्या वाटेवरचे लांब सोपे लेग. अटॅक पॉइंट, म्हणजे जिथून कंट्रोलचा नेमका शोध सुरू करायचा ती ठळक खूण, कंट्रोलपासून 150 मीटरच्या आत. वाट चढाच्या आधी, सपाटीवर ठरवायची; धाप लागलेली असताना नाही. जीपीएस घड्याळ चालू, पण काचेवर चिकटपट्टी. ट्रॅक घरी नकाशावर चढवून प्रत्येक चुकीपुढे दिशा, अंतर, उंची की वाटेची निवड, यांपैकी एकच शब्द लिहा. भोरगडाच्या बाजूला कंट्रोल ठेवायचा नाही, तिथे हवाई दलाचं केंद्र आहे. झेंडे दुपारीच काढून घ्या. तिन्हीसांजेला शेतांच्या कडेने बिबट्या फिरतो, आणि झेंडा काढायला एकट्याने कोणीही जायचं नाही.