हो, नाही आणि च्च

नवीन भाषा शिकताना मोठमोठे शब्द मला फारसे छळत नाहीत. ते अनोळखीच असतात, निमूट पाठ होतात. छळते ती एकदोन अक्षरांची चिल्लीपिल्ली, कारण ती कानाला आधीच माहीत असतात, भलत्याच अर्थाने.

ग्रीकमधला ‘ने’ घ्या. अर्थ काय, तर हो! आणि नाहीला ‘ओही’, ज्यात ‘न’चा पत्ताच नाही. शेजारच्या बल्गेरियनमध्ये ‘ने’ म्हणजे नाही. (वर तिथे नकार देताना मान वरखाली करायची रीत आहे, म्हणजे डोळ्यांवरही भरवसा नको.) कोरियनमध्ये ‘ने’ पुन्हा हो. जपानीत तो वाक्याच्या शेपटाला लागतो आणि तिथे मला एकदम हायसं वाटतं. तो थेट आपला ‘ना’ आहे: छान आहे ना, येशील ना. पोर्तुगीजमध्येही अगदी याच जागी ‘ने’ येतो, पण जपानीशी त्याचं काही नातं नाही. तो त्यांच्या ‘असं नाही का’चा आखडलेला अवतार.

चेकमध्ये ‘आनो’ म्हणजे हो, आणि घाईत बोलताना त्यातला नुसता ‘नो’ उरतो. इंग्रजी कानाचं काय होत असेल! जपानी ‘आनो’ म्हणजे आपलं ‘ते... हे आपलं...’, शब्द सापडेपर्यंतचा वेळकाढूपणा.

खरी गंमत मात्र नकारार्थी प्रश्नाची. ‘तू जेवली नाहीस?’ याला जपानीत ‘हाय’, म्हणजे हो, म्हटलं, तर अर्थ होतो ‘बरोबर, नाही जेवले’. ‘छे, जेवले आहे’ असं खोडून काढायला फ्रेंचांकडे ‘सी’ आहे, जर्मनांकडे ‘डोख’. या ‘डोख’चं जर्मन शिकणाऱ्यांत फार कौतुक चालतं, असा शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत नाही वगैरे. मला ते पटत नाही. आपण म्हणतोच की, ‘जेवले की!’ तो शेवटचा ‘की’ दुसरं काय करतो? फक्त तो एकटा उभा राहू शकत नाही, क्रियापदाचा पदर धरावा लागतो.

आणि ‘च्च’. शब्दही नाही, नुसता दातांमागे जिभेचा आवाज. मराठीत तो हळहळीचा: च्च च्च, बिचारा. इंग्रजीत त्यात हळहळ कमी, नापसंती जास्त. ग्रीक आणि तुर्की माणसं हाच आवाज काढून भुवया उंचावतात आणि त्याचा अर्थ चक्क नाही. आपण सहानुभूती दाखवतोय आणि समोरच्याला ठाम नकार ऐकू येतोय, असा प्रसंग सहज घडावा. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेत तर तो भाव वगैरे काही नाही, साधं व्यंजन आहे, आपल्या क-ख-गसारखं.

या सगळ्या गोंधळात एकच आवाज जवळजवळ सगळीकडे सारखा सापडतो: नीट ऐकू आलं नाही की तोंडून निघणारा ‘आं?’. मार्क डिंगेमान्स आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये वेगवेगळ्या खंडांतल्या भाषा तपासून हे मांडलं. त्याला 2015 चं इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं ते पारितोषिक. एवढा जगन्मान्य शब्द, आणि लहानपणी आपल्याला शिकवतात काय, तर ‘आं काय करतेस, काय म्हणालात असं विचार!’