शिरोड्याच्या घरी ताई आल्या त्याची गोष्ट

नागपूरला थंडी पडते असं सांगितलं की पुण्या-मुंबईचे लोक ऐकूनच घेत नाहीत, त्यांच्या डोक्यात नागपूर म्हणजे मे महिना आणि ४७ डिग्री. पण २९ डिसेंबर २०१८ ला आमच्याकडे पारा ३.५ वर आला होता, आणि त्या रात्री यांना दम्याचा असा अटॅक आला की पहाटे चारला शेजारच्या पोराला उठवून दवाखान्यात न्यावं लागलं. समुद्र आपल्यापासून लांब, हवा कोरडी, आभाळ मोकळं झालं की दिवसाची सगळी ऊब रात्रीतून उडून जाते, त्यात उत्तरेचा वारा सुटला की दम्याच्या माणसाचे फार हाल होतात. डॉक्टरांनी साधं सांगितलं, जमत असेल तर हे दोन-तीन महिने समुद्राकाठी काढा.

तेव्हापासून आम्ही शिरोड्याला जातो. वेंगुर्ला तालुका, महाराष्ट्राच्या किनाऱ्याचं अगदी शेवटचं टोक, पुढे रेडी आणि मग तेरेखोलची खाडी, पलीकडे गोवा. रात्री एक पातळ चादर पुरते. पहिल्या वर्षी फोनवरून एकाने घर लावून दिलं होतं, फोटोत छान होतं, प्रत्यक्षात भिंतींना ओल आणि खोलीत ऊन म्हणून नाही, ज्याच्यासाठी आलो तेच नाही! आठ दिवसात ते सोडलं. मग बाजारात नारळ घेताना सहज विचारलं आणि एका काकींच्या घरामागच्या दोन खोल्या मिळाल्या, त्या आजपर्यंत. काकींनी पहिल्या दिवशी विचारलं, "खंयसून इल्यात?" नागपूर म्हटल्यावर म्हणाल्या, "थंय समुद्र नाय?" आणि नाही म्हटल्यावर माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं की जशी काही मी उपाशीच आलीये.

भाषेचं जमायला वेळ लागला. आम्ही नागपूरचे लोक कोथिंबिरीला सांबार म्हणतो, मी बाजारात भाजीवालीला दोनदा विचारलं सांबार आहे का, ती म्हणे "सांबार हाटेलात गावतला." शेवटी जुडीवर बोट ठेवलं तेव्हा कळलं. आता ती मला लांबून बघितलं की स्वतःच ओरडते, सांबार इला गे!

पण आज मला लिहायचंय ते पाहुण्यांबद्दल. आम्ही इथे राहतो म्हटल्यावर सगळ्यांनाच यायचं असतं, आणि मला ते मनापासून आवडते. फक्त दोन खोल्या, एक बाथरूम, विहिरीवरचा पंप सकाळी अर्धा तास चालतो, म्हणून एका वेळी एकच कुटुंब असं मी ठरवून टाकलंय, कॅलेंडरवर नावं लिहिलेली असतात. नाताळ ते दोन जानेवारी कोणालाच बोलवत नाही, गोव्याची सगळी गर्दी इकडे सांडते, रस्ते नि गाड्या सगळं महाग होऊन जाते. मुलगा हैदराबादहून येतो, तो आता गोव्यातल्या मोप्याला उतरतो, ते विमानतळ जानेवारी २०२३ ला सुरू झाल्यापासून त्याचं येणं वाढलंय. नागपूरचे नातेवाईक मडगाव गाडीने कुडाळला उतरतात, एक रात्र आणि त्यावर जवळजवळ पुढचा अख्खा दिवस, सोबत संत्र्याची पेटी असतेच. ज्यांना ओल्या काजूची उसळ खायचीये त्यांना मी स्पष्ट सांगते फेब्रुवारीच्या शेवटी या, डिसेंबरात झाडाला नुसता मोहोर असते.

आणि दुसरं ठरवलंय ते हे की पाहुण्याला काम द्यायचं. नागपूरच्या घरी पाहुणा आला की चहा, पोहे, जेवण, मी स्वयंपाकघरात आणि ते हॉलमध्ये, दोन तासांनी "चला येतो" म्हणून निघून जातात, बोलणं काहीच होत नाही. इथे कोणी नारळ खोवते, कोणी काकींबरोबर बागेत सुपाऱ्या वेचायला जाते. माझी सून नागपूरला पाच वर्षांत जेवढं बोलली नाही तेवढं इथे घावणे घालता घालता बोलली.

मागच्या जानेवारीत ताई आल्या. ताई म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, पुसदला असतात, वय ७४, गळ्यात तुळशीची माळ. आयुष्यात समुद्र बघितला नव्हता. पंढरपूर झालं, काशी झाली, पण समुद्र राहिलाच. नातवाने आणून सोडलं आणि तो दुसऱ्या दिवशी परत गेला.

संध्याकाळी वेळागरच्या किनाऱ्यावर नेलं. सुरूचं बन पार करेपर्यंत नुसता आवाज येत होता, ताईंनी दोनदा विचारलं की ही गाडी कुठली चालली. मग एकदम समोर पाणी. ताई थांबल्या, चपला काढून हातात घेतल्या, आणि तशाच उभ्या राहिल्या बराच वेळ. मी काही बोलले नाही. मग म्हणाल्या, "माय वं! अंबाझरी तलावाचा दुसरा काठ दिसते, याचा दिसतच नाही." लाट पायावरून गेली आणि परत जाताना पायाखालची रेती ओढून नेली तसा त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला. त्यांनी वाकून बोटं बुडवली, जिभेला लावली, डोळ्यांना लावली आणि पदराला पुसली. जाताना हात सोडला नाही माझा.

आता मी ४१ वर्षं त्या घरची सून आहे. ताईंचा मला कायम धाक होता, भाजीत मीठ जास्त झालं की त्या बोलायच्या नाहीत, फक्त ताट थोडं पुढे सरकवायच्या. त्या बाईने माझा हात धरून घरी येणं, मला काय वाटलं ते मी यांनासुद्धा नीट सांगू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी मिठागरं दाखवली. इथे मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता हे यांनी सांगितलं, तशा ताई लगेच म्हणाल्या, आपल्याकडे कुठला समुद्र, म्हणून आपल्याकडे गवत कापलं लोकांनी. बरोबर आहे, त्याच वर्षी बापूजी अण्यांनी पुसदला सरकारी जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह केला, पुसदमध्ये लहानथोर सगळ्यांना माहीत असते ते. ताईंनी दोन किलो खडे मीठ घेतलं, लोणच्यासाठी. तेरेखोलच्या किल्ल्यावरही गेलो, तो खाडीच्या अलीकडे, आपल्या बाजूला, पण आहे गोव्याचा. सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधला आणि १७४६ ला पोर्तुगीजांनी घेतला, १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी त्याच्यावर तिरंगा लावला होता. ताई तटावर बसून दोन्हीकडे बघत होत्या, म्हणाल्या नदीने हद्द आखली असती तर सोपं गेलं असतं.

पण खरी गोष्ट रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची. सकाळी सातला किनाऱ्यावर फिरताना बघितलं तर गावातली तीस-चाळीस माणसं जाळं ओढत होती. होडीने जाळं लांब अर्धगोल टाकून येतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर माणसं किनाऱ्यावरून ओढतात, पाय रेतीत रोवून, एका तालात. जो हात लावेल त्याला थोडा वाटा मिळते, ही इथली रीत. ताईंनी विचारलं मी धरू का. हे म्हणाले ताई कंबर धरेल, ताई म्हणाल्या तू चूप बस. पदर खोचला आणि दोराला लागल्या. पुढचा मुलगा त्यांच्यासाठी हळू ओढू लागला, त्याला म्हणाल्या, "ओढ ना जोरात, मी विहिरीचं पाणी शेंदलेली बाई आहे." दोर ओला, खारा, त्याला शेवाळ चिकटलेलं, तळहात लाल होऊन राहिले, पण शेवटपर्यंत सोडला नाही.

जाळं वर आलं तेव्हा आतून चांदीसारखं सगळं उसळत होतं. ताई एक पाऊल मागे सरल्या आणि त्यांनी हात जोडले. वाटे पडले तसे एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, ताईंच्या पुढे पाच बांगडे ठेवले. मी म्हटलं अहो त्या माळकरी आहेत, खात नाहीत. तो म्हणाला, "खाऊ नको आजी, पण वाटो तुझो आसा." ताईंनी नातवाची रिकामी बिस्किटाची पिशवी उलटी करून हातावर चढवली आणि ते पाच बांगडे स्वतः उचलले, पहिल्यांदाच आयुष्यात, आणि घरापर्यंत स्वतः धरून आणले, मला धरू दिले नाही. काकींच्या ओट्यावर ठेवून म्हणाल्या, "हे माझ्या कमाईचे."

काकींनी त्या दिवशी ताईंना वेगळ्या भांड्यात मुगागाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगांची उसळ, करून पाठवली, वर ओलं खोबरं, आणि सांगितलं की कढईही वेगळी घेतलीये.

ताई चार दिवसांसाठी आल्या होत्या, एकोणीस दिवस राहिल्या. संक्रांतीला काकींच्या हळदीकुंकवाला ताईंनी पुसदहून आणलेली तिळाची वडी वाटली. मी कॅलेंडरवरची पुढची दोन नावं फोन करून पुढे ढकलली, एक भाची जरा रागावलीसुद्धा.

आता ऑक्टोबर संपत आला, नागपूरला पहाटे हवा बदलायला लागलीये, हे स्वेटर शोधून राहिलेत आणि मी बॅगा काढल्या आहेत. परवा ताईंचा फोन आला, लोणचं चांगलं मुरलंय, एक बरणी काकींसाठी बाजूला काढली आहे. मग विचारलं, यंदा माझं नाव कितव्या तारखेला लिहिलंस? मी म्हटलं ताई तुम्ही सांगाल ती. त्या म्हणाल्या, त्या माणसांना विचारून ठेव रापण कोणत्या दिवसांत जास्त लागते ते.