अकरा शनिवार, तीन रकाने: स्टार वॉर्सची वही

काल रात्री अकरावा चित्रपट संपला. प्रदर्शनाच्या क्रमानं, दर शनिवारी एक, १९७७ ते २०१९. (२००८चा ॲनिमेशनपट धरला नाही.) वहीत तीन रकाने आखले होते: गल्ला, पडद्यावर काय, पडद्यामागं काय. पहिल्या काही आठवड्यांत तिसरा रकाना जवळजवळ कोराच राहायचा. सातव्या शनिवारपासून तो समासात शिरला.

हे सगळं सुरू झालं एका मित्राच्या वाक्यानं. "दोनशे कोटी डॉलरवर कमाई झाली, म्हणजे डिस्नेनं मालिका नीटच सांभाळली आहे. आणखी काय पुरावा हवा?" तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं.

आधी आकडे. डिस्नेनं २०१२ मध्ये स्टार वॉर्स बनवणारी लुकासफिल्म कंपनी सुमारे ४०५ कोटी डॉलरना घेतली. २०१५चा 'द फोर्स अवेकन्स' जगभरात २०७ कोटींच्या आसपास गेला, २०१७चा 'द लास्ट जेडाय' १३३, २०१९चा 'द राइज ऑफ स्कायवॉकर' १०७. सुटे वाचले तर तिन्ही दणदणीत. एकाखाली एक लिहिले तेव्हा दिसलं की चार वर्षांत गल्ला निम्म्यावर आलाय. मी लगेच 'हाच पुरावा' असं लिहून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी खोडलं. कारण १९८० आणि १९८३च्या चित्रपटांनीही १९७७च्या पहिल्याइतकी कमाई केली नव्हती, आणि १९८०चा तर माझ्या मते या मालिकेतला सर्वांत चांगला. म्हणजे गल्ला चढला म्हणून कारभार चांगला नाही, आणि उतरला म्हणून वाईटही नाही. मग बघायचं कुठं?

मला ते सांध्यांत दिसलं, म्हणजे एक चित्रपट पुढच्याला जिथं जोडला जातो तिथं.

मुख्य कथेतल्या सातव्या भागाचा, म्हणजे 'द फोर्स अवेकन्स'चा, शेवट आठवा. आयर्लंडच्या किनाऱ्यापलीकडचं स्केलिग मायकल बेट, दगडी पायऱ्या, वर पाठमोरा ल्यूक, जुन्या चित्रपटांचा नायक. तो वळतो, डोक्यावरचं आवरण मागं सारतो. नवी नायिका रे हात लांब करून त्याच्या वडिलांचा लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, पुढं धरते. दोघं गप्प. तिचा हात तसाच, आणि चित्रपट संपतो. पुढं काय, यासाठी आपण दोन वर्षं थांबलो. आठव्यात ('द लास्ट जेडाय') ल्यूक तो हातात घेतो, क्षणभर बघतो आणि खांद्यावरून मागं भिरकावून देतो. नवव्यात ('द राइज ऑफ स्कायवॉकर') रे तोच सेबर आगीत फेकते, तर ल्यूकचा आत्मा तो झेलतो आणि जेडाय योद्ध्याच्या शस्त्राचा मान राखायला सांगतो. हे तिन्ही प्रसंग मी लागोपाठ लावून पाहिले. आठव्यातलं भिरकावणं मला मनापासून आवडतं. धाडसी आहे, आणि त्या थकलेल्या माणसाला शोभतं. पण नववा चित्रपट ते मागं घेतो. रेच्या आईबापांचंही तेच: आधी गूढ, मग दारूच्या पैशांसाठी मुलीला विकणारे कुणीतरी भंगारवाले, मग अचानक खलनायक सम्राट पॅल्पटीनची नात. प्रत्येक चित्रपट पुढची गोष्ट सांगण्याऐवजी आधीच्याला उत्तर देतोय.

तिसऱ्या रकान्यात याची कारणं सापडतात. नवव्याचे ठरलेले दिग्दर्शक कॉलिन ट्रेव्होरो सप्टेंबर २०१७ मध्ये बाहेर पडले आणि जे. जे. अब्राम्स परत आले. त्याआधी जूनमध्ये मुख्य कथेबाहेरच्या 'सोलो'चं चित्रीकरण चालू असतानाच दिग्दर्शक फिल लॉर्ड आणि क्रिस मिलर यांना काढून रॉन हॉवर्ड यांना आणलं, बराच भाग पुन्हा चित्रित झाला, तरी मे २०१८ची तारीख हलली नाही. आठव्यानंतर जेमतेम पाच महिन्यांनी आलेला तो चित्रपट ३९ कोटींवर थांबला. फार घाई केली, हे डिस्नेच्या बॉब आयगर यांनी त्याच वर्षी कबूल केलं. डिसेंबर २०१६ मध्ये लेयाची भूमिका करणाऱ्या कॅरी फिशर गेल्या, ते मात्र कुणाच्याच हातात नव्हतं.

आता कुणी म्हणेल, मालिकेचे जनक जॉर्ज लुकास यांच्याकडे तरी कुठं आराखडा होता? नव्हताच. १९८०च्या चित्रपटात लेया ल्यूकचं चुंबन घेते, १९८३मध्ये ती त्याची बहीण निघते. पण दिग्दर्शक बदलले तरी गोष्ट एका माणसाच्या हातात होती, आणि चूक सावरायलाही तोच होता. पहिला चित्रपट आणणाऱ्या फॉक्स स्टुडिओचं मात्र बघा. १९७७मध्ये तिकीटबारीवर त्यांनी अफाट कमावलं, पण त्याआधीच खेळणी वगैरे मालाचे आणि पुढच्या भागांचे हक्क लुकास यांच्याकडे जाऊ दिले होते. भरघोस गल्ला म्हणजे चांगला कारभार नव्हे, हे मित्राला दाखवायला माझ्याकडे याहून चांगलं उदाहरण नाही.

'रोग वन'नं (२०१६) मात्र मला दोन शनिवार छळलं. पुनर्चित्रीकरण झालं, पटकथाकार टोनी गिलरॉय यांना बोलवावं लागलं, आणि तरीही १०५ कोटींच्या आसपास कमाई आणि मला आवडणारा चित्रपट. सांधाही पक्का: शेवटच्या दृश्यात शत्रूच्या महाअस्त्राचे नकाशे लेयाच्या हाती पडतात, आणि तिथून १९७७चा चित्रपट जणू पुढच्याच क्षणी सुरू होतो. पडद्यामागचा गोंधळ दर वेळी पडद्यावर उतरतोच असं नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.

म्हणून आता 'अँडॉर'. याच गिलरॉय यांची वेब मालिका. पाच सीझनचा बेत दोनांवर आणला, दुसऱ्यातले १२ भाग तीन-तीनच्या चार गटांत लावले, दर गटाला गोष्ट एक वर्ष पुढं जाते आणि थेट 'रोग वन'च्या दारात येऊन थांबते. पुढच्या शनिवारी पहिले तीन भाग. वहीत चौथा रकाना आखलाय, वर लिहिलंय: सांधा.